प्रतिसाद: सॅबथला एक दिवस पुरला, मग आम्हाला का नाही?

तुम्ही विचारलंत, ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडला अल्बमसाठी एक दिवस पुरला, मग आमचं रेकॉर्डिंग एका दिवसात का होऊ नये? त्यांचा पहिला अल्बम १९६९च्या ऑक्टोबरात एका दिवसात रेकॉर्ड झाला, हा मुद्दा खरा. पण ती मंडळी गाणी स्टेजवर घोटून आली होती. शिवाय गिटार स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये, म्हणजे नेहमीच्या सुरांत. सूर उतरवणं नंतरचं.

तुम्ही ड्रॉप सीमध्ये, म्हणजे सूर बरेच उतरवून सर्वांत जाड तार सीवर, आणि तारा १०-४६च्या, म्हणजे बारीक! इथेच घोळ आहे. जाड तार ढिली पडते, पिक जोरात बसला की सूर क्षणभर चढतो. डाव्या-उजव्या स्पीकरसाठी वेगळ्या वाजवलेल्या ट्रॅकमध्ये तो वेगवेगळा चढतो आणि रिफचा (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याचा) चिखल होतो. १२-५६चा जाड सेट घाला, नटच्या (गिटारच्या मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत तार अडकत नाही ना बघा, इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणं) नव्याने लावा. दर टेकआधी, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी दर वेळी वाजवण्याआधी, ट्यूनरवर सूर तपासा. जुलैत पुण्याच्या दमट हवेतून एसी खोलीत आणलेली गिटार तासभर तरी तशीच ठेवा.

दोन्ही बाजू खरोखर दोनदा वाजवा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर आवाज रुंद होत नाही, फक्त मोठा होतो. गेन (अँपवर आवाज खरखरीत करणारं बटण) प्रॅक्टिसपेक्षा कमीच, ट्रॅक एकत्र आले की तो आपोआप दाटतो. स्टुडिओचे पैसे वाचवायचेत? मग आधी ड्रमरला क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठेक्याच्या टिकटिकीवर) बसवा.