फुटवर्क : पदलालित्य, पवित्रा की आणखी काही?

पाऊलखुणा :
डॅनिएल मेंडोझावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. अठराव्या शतकातला लंडनचा ज्यू मुष्टियोद्धा. मी 'फुटवर्क', म्हणजे लढताना पाय हलवायचं तंत्र, हा शब्द तसाच ठेवला होता, संपादकांनी सगळीकडे 'पदलालित्य' केलं. मला ते अजिबात पटलेलं नाही.

मुष्टियुद्धाचे जॅक ब्रॉटनचे नियम १७४३ चे. त्यात मंचाच्या मधोमध खडूने एक यार्डाचा चौकोन आखायचा आणि दोघांना त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभं करायचं. तिथे पाय रोवून ठोसे द्यायचे आणि खायचे, यातच मर्दुमकी. मेंडोझा जेमतेम पाच फूट सात इंच, वजन ७२-७३ किलो. वजनी गट तेव्हा नव्हतेच. म्हणून तो बाजूला सरकायचा, खाली वाकायचा, सरळ डावा हात मारून परत मागे. अनेकांना हा पळपुटेपणा वाटला. त्याने १७८९ मध्ये या विद्येवर पुस्तक लिहिलं, शिकवण्या घेतल्या, आणि १७९२ ते १७९५ तो इंग्लंडचा विजेता होता. आज प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात जे शिकवतात ते अशा माणसांनी मार खाऊन घडवलंय. त्याला 'लालित्य' म्हणायचं?

शब्दवेल्हाळ :
पदलालित्य रूढ आहे हो. क्रिकेटच्या मराठी समालोचनात किती वर्षं ऐकतोय. तिथे कुणाच्या मनात नाच येत नाही. रूढ शब्द अर्थ बदलून घेतो, त्याची फोड करत बसू नये. 'फुटवर्क' देवनागरीत लिहिलं म्हणून मराठी होत नाही.

तालीमवाला :
शब्द घरातच आहे : पवित्रा. आमचे आजोबा दांडपट्टा खेळायचे. पवित्रा म्हणजे नुसतं उभं राहणं नव्हे, पवित्रे टाकतात, बदलतात, त्यावर वार बसतो. हिंदी पैंतरा आणि हा एकाच कुळातला, मूळ 'पदान्तर'. म्हणजे पायच! पावित्र्याशी काही संबंध नाही.

सुमन_नाशिक :
व्युत्पत्ती पटली, पण वर्तमानपत्रांनी तो शब्द कधीच पळवलाय. 'विरोधकांचा आक्रमक पवित्रा' वाचून कुणाला पाय आठवतात? शिवाय स्टान्सला, म्हणजे उभं राहायच्या ढबीला, पवित्रा दिलात तर फुटवर्कला काय देणार? दोन्ही एक नाहीत.

डावखुरा :
पुण्यात काही वर्षं बॉक्सिंग केलंय. आमचे कोच पक्के मराठी, पण पदलालित्य किंवा पवित्रा त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. 'पाय चालव', 'पाय मेलेत तुझे', एवढंच. डावीकडे जायचं तर डावा पाय आधी, उजवीकडे उजवा, आणि कात्री होऊ द्यायची नाही. पायात कात्री असताना ठोसा बसला की माणूस हमखास आडवा. यासाठी दोन्ही घोट्यांना सुतळी बांधून रिंगभर फिरवायचे.

पाऊलखुणांना माझा पाठिंबा. मुष्टियोद्धा जिम कॉर्बेटने १८९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला तेव्हाचा विजेता जॉन सलिव्हनला २१ व्या फेरीत पाडलं, ते त्याला हवेत हात मारायला लावून, दमवून. पुढचा एक विजेता जॅक डेम्प्सी, त्याने १९५० च्या पुस्तकात सांगितलंय की जोर दंडातून येत नाही. पुढे पडता पडता टाकलेल्या पावलात शरीराचं सगळं वजन येतं आणि तेच मुठीत उतरतं. 'पडतं पाऊल' म्हणता येईल. यात लालित्य कुठे आहे?

शब्दवेल्हाळ :
अलीच्या पायांत होतं ना! त्याला दुसरा कुठला शब्द देणार?

डावखुरा :
होतं, मान्य. पण १९७४ ला किन्शासात फोरमनविरुद्ध तोच अली दोरांना टेकून मार झेलत बसला आणि आठव्या फेरीत जिंकला. दोरांना टेकायचं कधी आणि तिथून निघायचं कधी, हेही फुटवर्कच. 'पदलालित्य' त्याला पुरत नाही.

सुमन_नाशिक :
मला कस डामाटोची पद्धत फार आवडते. फ्लॉइड पॅटरसन, होजे टोरेस, माइक टायसन यांचा गुरू. त्याने ठोशांच्या नावांचा घोळच काढून टाकला. गादी गुंडाळलेल्या बॅगेवर माणसाची आकृती, तिच्यावर आकडे. गुरूने आकड्यांची माळ म्हणायची, शिष्याने त्या क्रमाने मारायचं. शब्द ऐकून अर्थ लावण्यात वेळच जात नाही.

तालीमवाला :
आणि त्याच्या शैलीला नाव काय पडलं, पीकाबू! दोन्ही हातमोजे गालांना लावून मधून बघायचं. म्हणजे आपलं बाळाबरोबरचं 'बुवा कूक'. मराठीत 'बुवाकूक शैली' लिहा, लगेच डोळ्यांसमोर येईल.

शब्दवेल्हाळ :
टायसनला बुवाकूक? विशेषनाम आहे ते, भाषांतर करू नये.

तालीमवाला :
इंग्रजीतही तो बाळाचाच खेळ आहे आणि तिथे कुणाला अडचण नाही. मराठीलाच कशाला?

पाऊलखुणा :
मी तूर्त 'पाय चालवणं' आणि 'पायांची चाल' आलटून पालटून वापरतेय. संपादकांचा निरोप आलाय, 'चाल' म्हटलं की बुद्धिबळ वाटतं.

सुमन_नाशिक :
बुद्धिबळ वाटलं तर मेंडोझाच्या बाबतीत उत्तमच. 'चाल'च ठेवा.

डावखुरा :
आणि स्लिपला काय लिहिलंत? डामाटोकडे दोरीला टांगलेली छोटी पिशवी झुलत ठेवायचे, ती डोक्याला न लागू देता डावी-उजवीकडे निसटायचं. मला 'झुकांडी' आठवतंय, पण झुकांडीत माणूस पूर्ण वळून पळतो. इथे पाय जागेवर, फक्त डोकं हलतं.

तालीमवाला :
हुलकावणी?

डावखुरा :
ती फेंट. आधी खोटा हात दाखवायचा तो. स्लिप वेगळी. खो-खोवाले कुणी आहेत का इथे?