मदत हवी आहे: लेझरजेट १०२० लिनक्स मिंटवर छापतो, पण वीज जाऊन आली की पुन्हा गप्प

पडद्यामागची (डिचोली)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या नाट्यमंडळाची मी प्रॉम्प्टर. संहिता टंकणं, प्रती काढणं आणि प्रत्येक पात्राची नक्कल (त्याच्या संवादांची प्रत) वेगळी करून देणं हेही माझ्याकडेच आहे. काल्याच्या रात्री देवळापुढे नाटक उभं राहायचं आहे आणि हातात १९ दिवस आहेत.

प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०. यंत्र जुनं असलं तरी मजबूत आहे. १२ए टोनर पुन्हा पुन्हा भरून आम्ही तो वर्षानुवर्षं चालवतोय आणि अक्षर अजून ठसठशीत येतं. संगणकही जुनाच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची अद्यतनं थांबली, विंडोज ११ च्या अटींत तो बसेना, म्हणून भाच्याने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत प्रणाली घातली. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. लिबरऑफिसात मराठी टंकताना हात आता चांगला बसलाय.

अडचण अशी. वायर जोडल्याजोडल्या मिंटने प्रिंटर ओळखला, नाव बरोबर दाखवलं. ड्रायव्हरच्या, म्हणजे संगणकाकडून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीत १०२० साठी दोन नावं होती. एक फू-टू-झेडजेएस, त्याच्यापुढे 'शिफारस केलेला' असं होतं. दुसरा एचपीकप्स, त्याच्यापुढे 'प्लगइन आवश्यक'. मी शिफारस केलेला निवडला. चाचणीचं पान पाठवलं. पडद्यावर 'काम पूर्ण' असं आलं आणि प्रिंटर मात्र जागचा हलला नाही. चूक झाल्याचा संदेश कुठेच नाही.

आता खरी गंमत वाटावी अशी गोष्ट सांगते, कारण तिचा अर्थ मला लागत नाहीये. शनिवारी भाचा घरी आला होता. प्रिंटरच बिघडलाय का बघायला त्याने तो स्वतःच्या विंडोज लॅपटॉपला जोडला. पहिला अंक सरसर छापून आला. मी प्रिंटर बंद न करता तीच वायर काढून मिंटच्या संगणकाला लावली, तर मिंटवरूनही छपाई झाली! दुसऱ्या अंकाची १७ पानं निघाली. संध्याकाळी वीज गेली, तासाभराने आली, आणि प्रिंटर पुन्हा मुका.

भाचा वेर्ण्याला कामाला आहे, रोज येऊ शकत नाही. गावात झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे देता येईल असं कुणी सुचवेल. पण तालमीत दर रात्री ओळी बदलतात. दिग्दर्शक एखादं स्वगत कापतात, एखादा प्रवेश मागेपुढे होतो, आणि दुसऱ्या दिवशी नवी पानं हातात लागतात. आमची दोन ज्येष्ठ पात्रं सोळाच्या खालचं अक्षर वाचू शकत नाहीत, त्यांच्या नकला वेगळ्या मोठ्या अक्षरात काढते. मी विंगेत मंद उजेडात बसते. माझ्या प्रतीत एक ओळ जरी जुनी राहिली तर रंगमंचावरचा माणूस उघडा पडतो.

मिंटवर छपाई होऊ शकते हे त्या १७ पानांनी दाखवलं. मग वीज गेली की काय हरवतं?

मांडवीकाठ

ताई, यूएसबी वायर बदलून पाहिलीत का? नाहीतर ड्रायव्हरमध्ये 'जेनेरिक पीसीएल' निवडा. माझा ऑफिसातला लेझर त्यावर चालतो.

पडद्यामागची

दादा, वायर दुसरी लावून पाहिली, फरक नाही. जेनेरिक पीसीएलही पाहिला, तसाच गप्प.

सुरंगी (फोंडा)

पीसीएल काढून टाका. पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरला पान समजावून सांगायच्या भाषा; १०२० ला त्यातली एकही येत नाही. पान रेखाटायचं सगळं काम संगणक करतो आणि तयार ठिपके झेडजेस्ट्रीम नावाच्या भाषेत प्रिंटरकडे पाठवतो. त्यात स्मृती आहे जेमतेम २ एमबी. मांडवीकाठ यांच्या प्रिंटरला पीसीएल समजत असणार, म्हणून त्यांच्याकडे जमलं.

ताई, तुम्ही शनिवारी वायर लॅपटॉपवरून मिंटच्या संगणकाला लावलीत त्यातच उत्तर आहे. प्रिंटर चालवणारा त्याचा स्वतःचा जो छोटा प्रोग्रॅम असतो, फर्मवेअर, तो बहुतेक प्रिंटरांत कायमचा बसवलेला असतो. १०२० मध्ये तसा नाही. दर वेळी चालू केल्यावर संगणकाने तो प्रिंटरला पाठवायचा असतो आणि वीज असेपर्यंतच तो प्रिंटरच्या स्मृतीत राहतो. विंडोजचा ड्रायव्हर हे न सांगता करतो, म्हणून इतकी वर्षं तुम्हाला कळलं नाही. शनिवारी लॅपटॉपने फर्मवेअर भरला, तुम्ही प्रिंटर चालू ठेवून वायर हलवलीत, त्यामुळे मिंटला तयार प्रिंटर मिळाला. वीज गेली आणि स्मृती कोरी झाली.

फू-टू-झेडजेएस पान उत्तम रेखाटतो. पण फर्मवेअर एचपीच्या मालकीचा, मुक्त परवान्याचा नाही, म्हणून मिंटच्या पॅकेजात तो सोबत येत नाही. आणि 'काम पूर्ण' दिसतं त्याचा अर्थ इतकाच की संगणकाने सगळे बाइट यूएसबीवरून रवाना केले. पलीकडे ते समजून घेणारं कुणी आहे का, हे छपाईच्या यंत्रणेला कळत नाही.

खात्री करायची तर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडा. सूडो, मग एलपीइन्फो, मग वजा-एल वजा-व्ही, मध्ये मोकळी जागा सोडून लिहा. डिव्हाइस-आयडीची एक लांब ओळ येईल. तिच्यात एफडब्ल्यूव्हीईआर अशी अक्षरं आणि पुढे आकडा असेल तर फर्मवेअर भरलेला आहे. नसेल तर प्रिंटर रिकामा.

पडद्यामागची

पाहिलं. कंपनीचं नाव आहे, लेझरजेट १०२० आहे, पण तुम्ही म्हणता ती अक्षरं ओळीत कुठेच नाहीत. दोनदा वाचली.

सुरंगीताई, तीन दिवस मी टोनर काढून हलवत होते, रोलर पुसत होते. तुमचं उत्तर वाचून जीव भांड्यात पडला. आता फर्मवेअर भरायचा कसा? एका जुन्या लेखात डाउनलोडची आज्ञा दिली होती, ती चालवली तर पत्ताच सापडत नाही असं उत्तर येतं.

सुरंगी (फोंडा)

तो मार्ग सोडा. एचपीलिप वापरू, म्हणजे लिनक्सवर एचपीचे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅमसंच; मिंटमध्ये तो बहुधा आहेच. तुम्हाला यादीत 'प्लगइन आवश्यक' दिसलं ना, त्या प्लगइनमध्येच, म्हणजे वेगळ्या उतरवायच्या जोडभागातच, फर्मवेअर आहे.

आधी सेटिंगमधून आत्ताचा प्रिंटर काढून टाका, पीसीएलवालाही. नाहीतर एकाच यंत्राच्या दोनतीन नोंदी राहतात आणि लिबरऑफिस भलतीकडेच काम पाठवत बसतं. मग टर्मिनलमध्ये एचपी-प्लगइन ही आज्ञा, सूडो न लावता. ती इंटरनेटवरून फाइल आणते, परवाना दाखवते, तो स्वीकारल्यावर पासवर्ड विचारते. त्यानंतर एचपी-सेटअप, त्यात यूएसबी निवडा, १०२० दिसेल, पुढे जा.

एक लक्षात ठेवा: प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. मिंट २२ मध्ये एचपीलिप ३.२३.१२ आहे. आज्ञा स्वतः जुळणारं प्लगइन शोधते, त्यामुळे दुसरीकडून कुठूनही फाइल उचलून आणू नका.

पेडणेकर मास्तर

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्या मराठी शाळेत पी१००७ आहे, प्रश्नपत्रिका त्यावरच काढतो. त्यालाही हेच लागू पडेल का?

सुरंगी (फोंडा)

हो मास्तर. पी१००५ ते पी१००८, आणि १०१८ सुद्धा. सगळी एकाच जातीची यंत्रं, दर वेळी फर्मवेअर मागणारी. कृती हीच.

पडद्यामागची

काल रात्री तालमीहून आल्यावर बसले. एचपी-प्लगइन दोनदा अर्ध्यावर तुटलं, घरचं इंटरनेट रात्री डळमळतं. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून तिसऱ्यांदा केलं आणि पार पडलं. सेटअपमध्ये १०२० दिसला. शेवटच्या पायरीनंतर पाचसहा सेकंद शांतता, मग प्रिंटर आतून घरघरला. हा आवाज मी विंडोजच्या काळात रोज ऐकत होते, त्याचा अर्थ काल कळला. चाचणीचं पान आलं!

लगेच बटण बंद केलं, दहापर्यंत मोजलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा घरघर. पान आलं. एलपीइन्फोच्या ओळीत आता ती अक्षरं आहेत.

पण संहिता छापायला घेतली तर वेगळंच काही. विंडोजवर ६८ पानांची होती, इथे ७१ भरतात. 'पान ४३ वरून घ्या' असं दिग्दर्शक म्हणाले की अकरा माणसं एकदम तिथे पोचायला हवीत. अर्ध्यांकडे विंडोजवर छापलेली जुनी पानं आहेत. हे कशामुळे?

मांडवीकाठ

आता माझं ऐका, यात मी पोळलोय. विंडोजवर मंगल फाँट असणार. तो मायक्रोसॉफ्टचा, मिंटमध्ये नसतो, मग लिबरऑफिस त्याच्या जागी दुसरा देवनागरी फाँट घेतं. त्याची अक्षरं रुंद, ओळींमधली जागाही वेगळी, त्यामुळे पानं सरकतात. यात प्रिंटरचा काहीच संबंध नाही.

मुक्ता हा फाँट मोफत आहे, तो उतरवून घ्या आणि सगळी संहिता त्यात करा. भाच्याच्या लॅपटॉपवरही तोच टाका. आणि कुणाला पाठवायची झाली तर दस्तऐवज पाठवू नका, पीडीएफ करून पाठवा. पीडीएफमध्ये फाँट आतच बसतो, कुठेही उघडा, ४३ वं पान ४३ वंच राहतं.

पडद्यामागची

दादा, बरोबर, मंगलच होता. एकदाच सगळ्यांना नवी प्रत देते आणि जुनी गोळा करते. ज्येष्ठांच्या मोठ्या अक्षरांतल्या नकलांवर मूळ प्रतीचा पानक्रमांक समासात हाताने घालीन, म्हणजे त्यांनाही 'पान ४३' सापडेल.

अजून एक. वीज सारखी जाते म्हणून प्रिंटर संगणकाच्या यूपीएसला जोडू का?

सुरंगी (फोंडा)

नको! लेझर प्रिंटरमध्ये टोनर वितळवून कागदावर बसवणारा तापता रूळ असतो. तो तापताना एकदम खूप करंट ओढतो, घरगुती यूपीएसला तो झटका झेपत नाही. यूपीएस बंद पडेल आणि सोबत संगणकही. प्रिंटर भिंतीतल्या प्लगलाच ठेवा. वीज जाऊ दे, परत आल्यावर मिंट आता स्वतःहून फर्मवेअर भरेल. कधी घरघर ऐकू आली नाही तर टर्मिनलमध्ये एचपी-फर्मवेअर एवढीच आज्ञा द्या, तेवढ्यावर काम होतं.

पुढे मिंटची आवृत्ती बदलाल तेव्हा एचपीलिपही बदलेल आणि जुनं प्लगइन जुळणार नाही. त्या दिवशी एचपी-प्लगइन पुन्हा एकदा चालवावं लागेल. हे कुठेतरी लिहून ठेवा.

पडद्यामागची

प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून लिहिलंय, दोन्ही आज्ञा आणि तारीख. माझ्यानंतर हे काम जो कुणी घेईल त्याला दिसेल.

आज सव्वासातला वीज गेली, आठला आली. मी स्वयंपाकघरात होते, तिथवर घरघर ऐकू आली. हातातलं टाकून संगणकापाशी गेले आणि तिसऱ्या अंकाच्या सगळ्या नकला काढल्या, ज्येष्ठांच्याही. कालच कापलेलं स्वगत त्यात नाही आणि नवा प्रवेश योग्य जागी आहे.

मास्तर, तुमच्या पी१००७ चं काय झालं ते इथेच लिहा. अडलं तर आता मीही सांगू शकेन.

साडेनऊला तालीम आहे, निघते. सुरंगीताई, मांडवीकाठ दादा, देव बरें करूं. काल्याला या, जागा राखून ठेवते.