चीन पाकिस्तानला का पोसतो?

धोंडोपंत
'हिमालयाहून उंच, समुद्राहून खोल' ही चीन-पाक मैत्रीची आरती आता पाठ झाली आहे. माझं मत: चीनला पाकिस्तान हवाय तो भारताला पश्चिम सीमेवर गुंतवून ठेवायला, आणि या कामाला याहून स्वस्त गडी मिळणं नाही. ६२चं युद्ध संपून चार महिने होतात न होतात तोच, मार्च १९६३ मध्ये पाकिस्तानने काश्मीरच्या शक्सगाम खोऱ्यातला सुमारे ५,१८० चौ. किमी. प्रदेश चीनच्या पदरात टाकला. जमीन आपली, दानशूर भुट्टो! पुढे काराकोरम महामार्ग, पाकिस्तानातल्या चष्मा या ठिकाणच्या अणुभट्ट्या, जेएफ-१७ विमानं. शस्त्रव्यापाराची नोंद ठेवणाऱ्या सिप्री या स्वीडिश संस्थेच्या आकड्यांनुसार २०२०-२४ मध्ये पाकिस्तानने आयात केलेल्या शस्त्रांपैकी ८१ टक्के चिनी होती. मसूद अझहरचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत यायला मे २०१९ उजाडला, तोवर चीनच आडवा येत होता. एवढं सगळं करून चीनला स्वतःचा एक सैनिक लढवावा लागलेला नाही.

खाडीपलीकडे
असहमत. जगात जे घडतं ते आपल्यासाठीच, असं धरून चालायची आपल्याला खोड आहे. चीनचं बरंचसं तेल मलाक्काच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतं. ती कुणी अडवली तर? म्हणून अरबी समुद्रावरचं पाकिस्तानचं ग्वादर. २०१३ पासून ते बंदर चिनी कंपनी चालवते आणि २०१५ मध्ये ४६ अब्ज डॉलरचा सीपेक, म्हणजे चीन-पाकिस्तान आर्थिक महामार्ग प्रकल्प, जाहीर झाला. निव्वळ भारताला डिवचायला कुणी एवढा खर्च करत नाही.

घाटवाट
खाडीपलीकडे, नकाशावर रेघ ओढणं सोपं असतं हो. ग्वादर ते चीनमधलं काश्गर या रस्त्यात खुंजेराब खिंड आहे, उंची जवळपास ४,७०० मीटर. दरडी, बर्फ, शिवाय अशांत बलुचिस्तान. तेलवाहिनी आजतागायत झालेली नाही. टँकरच्या रांगा लावून चीनची तहान भागवायची म्हटली तर निम्मं डिझेल वाटेतच जळेल (अतिशयोक्ती आहे, पण फार नाही). आणि अरबी समुद्रात चीनशी वैर असलेलं आरमार ग्वादरसमोरही उभं राहू शकतंच की. तेलाचं कारण मला पटत नाही. नौदलाला उद्या थांबायला जागा, हे पटतं.

धोंडोपंत
घाटवाट, नौदलाचा मुद्दा मान्य. पण ती जागाही शेवटी कुणावर नजर ठेवायला?

वाचस्पती
पंत, तुमच्या 'स्वस्त गड्या'च्या मदतीला मालक वेळेला येतो का, तेही बघा. नोव्हेंबर १९७१ मध्ये भुट्टो बीजिंगला जाऊन आले. डिसेंबरमध्ये पाकिस्तानचे दोन तुकडे होत असताना निक्सन-किसिंजर चीनला हालचाल करायला सुचवत होते. चीनने निषेधाचे खलिते धाडले, बस. खिंडींत बर्फ होतं, भारत-सोव्हिएत करार ऑगस्टमध्येच झाला होता. १९९९ मध्ये कारगिल पेटलेलं असताना नवाझ शरीफही बीजिंगहून हात हलवत परतले.

धोंडोपंत
मग हे माझ्याच बाजूचं झालं! मित्र म्हणून नव्हे, हिशेबाने मदत.

वाचस्पती
हिशेब आहेच. पण तुम्ही तो एकतर्फी मांडताय. २०२१ मध्ये दासू धरणाच्या कामावर जाणारे नऊ चिनी मारले गेले, २०२४ मध्ये बेशामजवळ पाच. कराची विद्यापीठात चिनी शिक्षकांवर हल्ला झाला तो वेगळा. कर्जाच्या मुदती चीनच वाढवून देतो आणि तरी इस्लामाबाद नाणेनिधीच्या दारात उभंच. आता सोडलं तर पैसा बुडतो, नाही सोडलं तर वाढतो. धाकट्याने थोरल्याला अडकवलंय, असंही म्हणता येईल.

मिरचीभजी
मे २०२५ची भारत-पाक लढाई विसरलात का सगळे? चीन पाकिस्तानला भारताच्या हालचालींची ताजी माहिती पुरवत होता, हे लष्कराचे उपप्रमुख राहुल सिंग यांनीच जुलैत जाहीरपणे सांगितलं. चीनला हा प्रदेश शस्त्रं तपासायची प्रयोगशाळा वाटतो, असंही ते म्हणाले. जे-१० विमान पहिल्यांदा खऱ्या लढाईत उतरलं, तेही दुसऱ्याच्या वैमानिकासह. धरणावरचं नुकसान वाचस्पतींना दिसतं; या माहितीची किंमत ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

खाडीपलीकडे
त्या हिशेबाने तर चीनच्या शस्त्रांचं गिऱ्हाईक आफ्रिकेत नि आखातात आहे, भारतात नाही. म्हणजे परत माझाच मुद्दा.

धोंडोपंत
विमान विकायचं आखातात, पाडायची भाषा मात्र भारताच्या राफेलची. बरं, चालू द्या.