दहावीनंतर सायन्स : इंटिग्रेटेडचे फोन, ग्रुपवरच्या पीडीएफ आणि ठरवायचं कसं?

सातारकर_आई
मुलगी यंदा दहावीत, स्टेट बोर्ड. सायन्स पक्कं, पण मेडिकल की इंजिनिअरिंग हे अजून तिचंच ठरत नाहीये. इंटिग्रेटेडवाल्यांचे (अकरावी-बारावीचं कॉलेज आणि प्रवेश परीक्षेचा क्लास एकत्र चालवणाऱ्यांचे) फोन दिवाळीपासून चालू आहेत : ‘टेस्टमध्ये 60 टक्के स्कॉलरशिप मिळालीय, रविवारपर्यंत सीट बुक करा.’ दीर म्हणतात लातूरला ठेवा, भाऊ म्हणतो थेट राजस्थानातल्या कोटा शहरात, क्लाससाठी. रोज इतक्या पीडीएफ येतात की पार गोंधळून गेलेय. यातलं नेमकं काय बघायचं? आणि आत्ताच काय ठरवणं भाग आहे?

प्रवेशमित्र
ताई, नंतर बदलता येणार नाही ते आधी बघा. बाकीचं थांबू शकतं.

बारावी कुठल्या राज्यातून होणार, हा त्यातला सगळ्यात मोठा मुद्दा. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या 85 टक्के जागा राज्य कोट्याच्या. त्यासाठी डोमिसाइलबरोबर (राज्याच्या रहिवासी दाखल्याबरोबर) दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे थोडे अपवाद आहेत. राजस्थानात कोट्याला ठेवून तिथल्याच शाळेतून बारावी दिली, तर या राज्य कोट्यातली संधी जाते आणि सरकारी कॉलेजांत उरतात त्या 15 टक्के ऑल इंडियाच्या जागा. इंजिनिअरिंगला नियम सैल आहेत, आई-वडिलांच्या डोमिसाइलवरही पात्रता मिळते. मेडिकलचा विचार जिवंत असेपर्यंत बारावी राज्यातच ठेवा. लातूरला ही अडचण नाही.

दुसरं, अकरावीचा ऑनलाइन फॉर्म. 2025-26 पासून ही प्रक्रिया अख्ख्या राज्यात आहे, 10 पसंती भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. क्लासवाले ‘आमचं टाय-अप कॉलेज एक नंबरला टाका’ म्हणतात, ते यासाठीच. ते कॉलेज क्लासशिवायही चाललं असतं का, एवढं स्वतःला विचारा आणि मगच एक नंबरला लिहा.

रविवारपर्यंत काहीही बुक करायची गरज नाही. केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दहावीची परीक्षा होण्याआधी कोचिंगने नावनोंदणीच करू नये.

गणित_सर
जाहिरातीतले आकडे कसे वाचायचे ते सांगतो, कारण फसगत तिथेच होते.

‘आमच्याकडे 95 पर्सेंटाइल’ म्हणजे 95 टक्के मार्क नव्हेत, बसलेल्या दर 100 मुलांतली 95 मागे आहेत एवढंच. जेईई मेनला, म्हणजे देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेला, 14-15 लाख मुलं असतात. 95 पर्सेंटाइलच्या पुढे म्हणजे 70 हजारांच्या वर मुलं उभी आहेत, आणि सगळ्या एनआयटी (केंद्राची इंजिनिअरिंग कॉलेजं) मिळून जागा साधारण 24 हजार. सीईटीचं, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचं, पर्सेंटाइल वेगळ्या गर्दीतलं, त्याची याच्याशी तुलना करूच नका.

फ्लेक्सवरच्या फोटोंबद्दल विचारायचं ते हे : या शाखेतून किती बसले होते, त्यातल्या किती जणांना सरकारी जागा मिळाली, आणि फोटोतलं मूल दोन वर्षांच्या बॅचला होतं की फक्त टेस्ट सिरीजला? नोव्हेंबर 2024 च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांनुसार कोर्सचं नाव आणि कालावधी जाहिरातीतच लिहायला हवा. एकूण किती बसले हा आकडा जिथे मिळत नाही, तो निकाल मी हिशेबात धरत नाही.

फीबद्दल. 60 टक्के सूट कशावर, ते बघा; तुम्ही भरणार ती रक्कमच शेजारच्या क्लासशी ताडून पाहा. कॉलेजची आणि क्लासची पावती वेगवेगळी घ्या. मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत द्यावी, असं केंद्राच्या जानेवारी 2024 च्या सूचनांत आहे, पण त्या नुसत्या सूचना आहेत; म्हणून परताव्याची अट पावतीवरच लिहून घ्या. ‘बिनव्याजी ईएमआय’ असेल तर ते बहुधा फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. क्लास सुटला तरी हप्ता सुटत नाही.

लॅब_जर्नल
इंटिग्रेटेडमध्ये बोर्डाकडे दुर्लक्ष होतं, ते तपासा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकी 70 लेखी आणि 30 प्रॅक्टिकल. अकरावीच्या चालू आठवड्याचं छापील वेळापत्रक मागा आणि लॅबचे तास कुठे आहेत ते बोट ठेवून दाखवायला सांगा. ‘जर्नल शेवटी पूर्ण करून घेतो’ असं उत्तर आलं तर मुलं लॅबमध्ये जात नाहीत, असं समजा. एनआयटीला जेईईच्या रँकबरोबर बारावीला 75 टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं. (अनुसूचित जाती-जमातींना 65 टक्के.) तेव्हा बोर्ड सोडून चालत नाही.

सीईटीला अकरावीचा भार 20 टक्के, म्हणजे 50 पैकी साधारण 10 प्रश्न, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. नुसतं सीईटीचं इंजिनिअरिंग हवं असेल तर सातारा सोडून दोन वर्षं हॉस्टेलला ठेवण्याची गरज मला दिसत नाही.

सातारकर_आई
खूप आभार. मग दोन्ही वाटा खुल्या ठेवायला पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी) घ्यावं का?

प्रवेशमित्र
हो, तिचं ठरत नाहीये तोवर तेच घ्या. इंग्रजी, दुसरी भाषा किंवा आयटी, आणि हे चार, असे सहा विषय पूर्ण होतात. कॉम्प्युटर सायन्सचं बायफोकल मात्र यात बसत नाही, कारण 200 मार्कांचा तो विषय दुसऱ्या भाषेची आणि आणखी एका विषयाची जागा घेतो. सीईटीला पीसीएम आणि पीसीबी दोन्ही ग्रुप देता येतात. पण नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) आणि जेईई दोन्हींचे क्लास एकत्र लावू नका. नीटच्या 720 पैकी 360 मार्क एकट्या बायोलॉजीचे, जेईईत एक तृतीयांश मार्क गणिताचे. पहिल्या सत्रात बायोलॉजीचे चार-पाच धडे आणि गणिताचे तेवढेच तिला स्वतःहून सोडवू द्या, पेपर घरी ठेवा, आणि दिवाळीच्या सुट्टीत तिच्याबरोबर बसून ते बघा. क्लास तेव्हा लावला तरी चालतो.