रात्रीची गरी आणि सोबतीला नवखा मित्र: तुमचे अनुभव लिहा

वैनगंगा, वर्धा, पैनगंगा, कन्हान, पूर्णा… कुठल्याही काठचे असा. बाहेरगावच्या मित्राला रात्री मागूर-शिंगूर हे मिशांचे मासे धरायला नेलं असेल तर इथे लिहा. मासा केवढा मिळाला ते सांगाच, पण त्याला काय शिकवलं आणि कुठे सांभाळावं लागलं तेही सांगा. नवखा माणूस अंधारात काठावर आणला की त्याची जबाबदारी आपली, असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवात मीच करतो.

पवनी, वैनगंगाकाठ

नागपूरचा होस्टेलचा मित्र. त्याला आधी दुपारी नदीवर नेलं. उतार कुठून, गाळ कुठे, रेती उपशाचे खड्डे कुठे, सगळं उजेडात दाखवलं. वरून पाणी गुडघाभर दिसतं आणि पुढच्या पावलाला माणूस बुडेल एवढा खड्डा असतो. रात्री हे सांगून कळत नाही.

अंधार पडल्यावर डोहाच्या कडेला बसलो. गरीला गांडूळ, दोरीला शिसं, म्हणजे आमिष तळाला बसतं. मागूर डोळ्यांवर विसंबत नाही, मिशांनी चाचपत तळातून येतो. म्हणून बॅटरी पाण्यावर मारायची नाही आणि काठावर पाय आपटायचे नाहीत. दोरी मित्राच्या तर्जनीवरून सोडली आणि गप्प बसलो. बराच वेळ काही नाही. मग दोरी जरा ताणली, सैल पडली, परत ताणली. त्याने माझा दंड गच्च धरला.

"ओढू का?"

"थांब बे, त्याले गिळू दे."

तिसऱ्या खेपेला दोरी सरळ डोहाकडे निघाली, तेव्हा म्हटलं, "आता!" काळा, गुळगुळीत, बिनखवल्यांचा मागूर रेतीवर आला. हवेतून श्वास घेता येतो त्याला, त्यामुळे ओल्या पोत्यात घरी पोचेपर्यंत जिवंत होता. मित्र रस्ताभर पोत्यावर हात ठेवून बसला होता. आजही फोन केला की पहिला प्रश्न, "नदीला पाणी किती आहे?"

आर्वीकडचा, वर्धा नदी

शिंगुराबद्दल लिहितो, कारण नवख्याला यानेच घात होतो. दिसायला बारीक आणि गरीब. पण कल्ल्यांमागच्या पंखांत दोन्ही बाजूंना एकेक विषारी काटा असतो. माझा मित्र शाळेत शिक्षक. "हात लावू नको, काटा मारते" असं मी म्हणेपर्यंत त्याने गरी काढायला मासा मुठीत धरलाच. कोपरापर्यंत आग आग झाली, कपाळावर घाम.

जवळच्या शेतातल्या घरी नेलं. वहिनींनी चुलीवर पाणी तापवलं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की विषाचा जोर उतरतो. पाणी मात्र दुसऱ्याने आपला हात घालून बघावं, कारण दुखऱ्या हाताला चटका समजत नाही. अर्ध्याएक तासात कळ कमी झाली. सकाळी डॉक्टरांकडे नेऊन आत काट्याचा तुकडा राहिला नाही ना ते बघून घेतलं, धनुर्वाताचं इंजेक्शनही दिलं. तेव्हापासून माझ्या पिशवीत पक्कड आणि जाड गोणपाट असतंच.

ब्रह्मपुरी

आमच्याकडे वाघाचा वावर आहे. मित्र कितीही जवळचा असो, रात्री मी नेत नाही. उन्हं कलायच्या आधी गरी टाकतो, दिवस बुडायच्या आत घरी. मासे कमी मिळतात, चालतं.

साकोलीजवळचं गाव

आम्ही ढिवर, म्हणजे मासेमार समाजाचे. बचत गटातली माझी मैत्रीण शहरात वाढलेली, तिला नदी बघायची होती. मी, माझे सासरे आणि ती असे तिघं गेलो. सासऱ्यांनी तिला बजावलं, "पहिल्या पावसाची मासोळी धरू नको, पोटात अंडी असते." नवं पाणी आलं की मागूर नाल्यातून धानाच्या बांध्यांपर्यंत चढतो. तेव्हा तो हातानेही सापडतो आणि म्हणूनच तेव्हा सोडावा. आम्ही पावसाळा सरल्यावर गेलो होतो.

मिळाला तो राख आणि मिठाने चोळून धुतला, म्हणजे चिकटा आणि चिखलाचा वास जातो. रस्सा-भात तिने दोनदा घेतला. एक विनंती: पाळायला बंदी असलेला आफ्रिकन मागूर नदीत सापडला तर परत पाण्यात सोडू नका, तो आपल्या मासोळ्या खातो. आणि तलावावर जाणार असाल तर आधी मासेमार सोसायटीला विचारा. त्या पाण्यावर घरं चालतात.

वडसा

वर कोणी पाण्याच्या पातळीबद्दल लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आम्ही वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या खाली. धरणाला 33 दरवाजे, त्यातले काही उघडले तरी आमच्याकडे पावसाचा थेंब नसताना नदी चढते. पावसाळ्यात इशारा असेल तर मी जातच नाही. एरवीही बसल्या बसल्या पाण्याच्या कडेला काठी रोवतो. पाणी काठीच्या पुढे आलं की गरी गुंडाळायची, तेव्हा मासा लागलेला असला तरी दोरी कापायची. मित्र बेटावर किंवा पात्रातल्या खडकावर बसायचा हट्ट करतो, तिथे बसू देऊ नका. मागे कोरडा काठ हवाच. काठीवर नजर ठेवायचं काम मी मित्रालाच देतो.