डब्ल्यूचा व की व्हीचा व?

प्रश्न

पुतणी केजी-टूला आहे. डब्ल्यूचे शब्द सांग म्हटलं तर तिनं वॉच, विंडो आणि विदर्भ सांगितलं. विदर्भावर बाईंची लाल फुली. आता रोज मला विचारते, "काका, वर्धा रोडच्या पाटीवर डब्ल्यू आहे, मग विदर्भाला काऊन नाही?" सांगा राजेहो, काय उत्तर देऊ? मराठीत तर दोन्हीकडे एकच व.

उत्तर

तिला आरशासमोर उभी करा. 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकून हवा घासली पाहिजे, तो व्ही. 'वॉच'ला दातांचं कामच नाही, फुंकर मारल्यासारखा ओठांचा चंबू, तो डब्ल्यू. आपला व या दोघांच्या मधला: ओठ दातांजवळ जातो, पण घासत नाही. म्हणून मराठीनं व्हीसाठी 'व्ह' धरला, हिंदीनं नाही. नागपुरात दोन्ही भाषा शेजारी नांदतात, त्यामुळे एका ठेल्यावर 'व्हेज पुलाव' आणि पलीकडच्यावर 'वेज बिर्याणी'.

गावांच्या स्पेलिंगात मात्र उच्चार शोधू नका, ज्यानं जसं लिहिलं तसं रुळलं. वर्धा, वणी, वाशीमला डब्ल्यू, विदर्भाला व्ही. यवतमाळ इंग्रजी अमदानीत वाय-ई-ओ-टी असं सुरू व्हायचं, म्हणजे तिथं दोन्हींपैकी एकही नाही!

पुढचा प्रश्न तयारच असेल: दिसतो डबल व्ही, मग नाव डबल यू का? डब्ल्यू घडला त्या काळी यू आणि व्ही ही वेगळी अक्षरं नव्हतीच. जुन्या इंग्रजीचे लेखनिक या ध्वनीसाठी आधी यू दोनदा लिहीत. मग त्यांनी 'विन' नावाचं रूनिक, म्हणजे जुन्या जर्मानिक लिपीतलं, अक्षर घेतलं. 1066 मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्या लेखनिकांबरोबर ते दोन यूंचं जोडअक्षर परतलं आणि 1300 च्या सुमारास विन संपलं. फ्रेंच लोक आजही डब्ल्यूला 'दुब्ल व्हे', म्हणजे डबल व्हीच म्हणतात.

'टू' म्हणजे दोन, त्यातला डब्ल्यू मुका का, हेही विचारेल. पूर्वी तो उच्चारात होता. ट्विन, ट्वेल्व्ह, ट्वेंटी या त्याच्या भावंडांत अजून ऐकू येतो.

आणखी एक

वऱ्हाडीत तर इकारापुढे व टिकतच नाही. वीस म्हणजे ईस, विहीर म्हणजे इहीर, विस्तव म्हणजे इस्तो. आमची आजी "ईज कडाडली" म्हणायची. तिला ना व्ही लागला ना डब्ल्यू.

प्रश्नकर्ता

आरसा चालला! पोरगी दिवसभर 'व्हॅन-वॉच' करत घरभर थुंकी उडवते आहे. पण संध्याकाळी तिला घेऊन वर्धमाननगरला गेलो, तर एका दुकानाच्या पाटीवर व्ही, समोरच्यावर डब्ल्यू. तिनं नुसतं माझ्या तोंडाकडे पाहिलं.