मदत हवी आहे : लिनक्स मिंटवर टॉर ब्राउझर जोडणीतच अडकतो

राजेहो, दोन दिवसांपासून डोकं लावून राहिलो. गाव दारव्हा तालुक्यातलं, नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटचं, लॅपटॉप जुना, त्यावर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम. टॉर म्हणजे ओळख लपवून नेट वापरायचा ब्राउझर; त्याची टार फाईल (एकत्र बांधलेलं गाठोडं) फोनवर उतरवली, केबलनं घेतली, उलगडली. ‘कनेक्ट’ दाबलं की जांभळी पट्टी जरा सरकते अन् तिथंच बसते. ब्रिज, म्हणजे टॉरला जोडायची आडवाट, म्हणून स्नोफ्लेकही लावून पाहिला, फरक नाही.

शेवटी टॉरचा लॉग, म्हणजे नोंदी, उघडल्या, तर लॅपटॉपचं घड्याळ चुकल्याची तक्रार. पाहतो तर तारीख 1 जानेवारी 2009! बॅटरी मेलेली, घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा बटन सेलही गेलेला. लाईन गेली की लॅपटॉप थेट सतरा-अठरा वर्षं मागं. अन् आमच्याकडची लाईन, विचारूच नका.

तारीख हातानं बसवली की टॉर झटक्यात जोडतो. पण दर वेळी कोण बसवणार? नेटवरून वेळ आपोआप घ्यायची ‘टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू’ ही कमांड दिली, तरी ‘सिंक्रोनाइज्ड’पुढं ‘नो’च दिसते. ही वेळ ज्या वाटेनं येते तो यूडीपी 123 पोर्ट सिमवर अडत असेल का? कसं तपासू? दुसऱ्या मार्गानं, म्हणजे एचटीटीपीवरून (वेबपानं येतात त्या वाटेनं) वेळ घेता येते का? नवा बटन सेल (सीआर2032) बाजाराच्या दिवशी आणतोच, पण तो या मॉडेलात कीबोर्डखाली आहे. कोणी उघडलाय का असा?